तुयोचे सतरा धर्मबाप

आधीच सांगून टाकतो, मला कुत्रा नकोच होता. कुत्रा हवा होता माझ्या बायकोला, नीदाला, आणि तोही तिच्या बहिणीकडे आहे तसा. पांढरा, लोकरीच्या गुंड्याएवढा, मांडीवर मावणारा आणि पावणे आले की ज्याचे फोटो काढता येतील असा. मी पडलो शाळेचा ग्रंथपाल. इथं फिलिपिन्सात, मारिकिनातल्या एका शाळेत गेली एकवीस वर्षं 'शांतता राखा' या पाटीखाली माझी खुर्ची आहे. ती पाटी काढली तरी चालेल, मांग देओ, म्हणजे देओकाका, नुसते बसले तरी पुरे, असं आमच्या शाळेतले शिक्षक माझ्याबद्दल म्हणतात. मी ती स्तुती समजतो. अशा माणसानं भुंकणारी वस्तू घरात का आणावी? पण मुलगी नोकरीसाठी दुबईला गेल्यापासून आमच्या घरात इतकी शांतता झाली होती की फ्रिज घुरघुरायचा थांबला तरी आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचो. शांततेचा एवढा पुरवठा मलाही नको होता. म्हणून एका शुक्रवारी शाळा सुटल्यावर नीदाला न सांगता मी कुत्र्यांच्या शेल्टरवर गेलो. नुसतं बघायला.

नुसतं बघायला गेलेली माणसं काय घेऊन येतात हे मला साड्यांच्या दुकानाबाहेर उभ्या असलेल्या कुणीही नवऱ्यानं सांगितलं असतं, पण आमच्याकडे साड्या नाहीत. तिथं चाळीसएक कुत्री होती आणि चाळीसही एकदम बोलत होती. मी नाव-पत्ता लिहायला बाकावर बसलो. तेवढ्यात बाकाखालून कुणीतरी बाहेर आलं. तपकिरी, हडकुळी, डावा कान अर्धा, आपल्या रस्त्यावर उकिरड्यापाशी दिसते तशीच अगदी. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या उजव्या जोड्यावर हनुवटी टेकली आणि दिवसभर उभं राहून घरी आलेल्या बाईसारखा एक सुस्कारा सोडला. मी पाय हलवला नाही. पंचवीस मिनिटं हलवला नाही. पायाला मुंग्या आल्या, मुंग्या जाऊन पाय बधिर झाला, तरी नाही. माझ्या जोड्याची इतकी किंमत आजवर कुणी केली नव्हती.

शेल्टर चालवणाऱ्या मिस आब्रेनिका म्हणजे कानामागे पेन्सिल खोचलेली, कमी बोलणारी, सडसडीत बाई. त्यांनी सांगितलं, हिचं नाव तुयो. तुयो म्हणजे आमची सुकी मासळी. ही सापडली तेव्हा बाजारामागं सुक्या मासळीची अख्खी माळ खाऊन बसली होती, दोऱ्यासकट. वय आठ. दोन घरी दिली होती, दोन्हीकडून परत आली.

"आवाजाला घाबरते, सर. घाबरली की पळते," त्या म्हणाल्या. "आता तिसऱ्यांदा परत आली तर आम्ही तिला कुणाला देणार नाही. सारखं हे नाही झेपत त्यांना. मग ती इथंच राहील, कायमची."

जोड्यावरच्या हनुवटीकडे बघत मी विचारलं, काय करावं लागेल. त्यांनी उलट विचारलं, घर शांत आहे का? मी म्हणालो, "मॅडम, मी ग्रंथपाल आहे." त्यांनी पेन्सिल काढून काहीतरी टिपून घेतलं. आता हे काही सरळ सरळ खोटं नव्हे. घर शांतच होतं. शेजारचं घर कसं आहे हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

शेजारचं घर तेम्योंगचं. तेम्योंग जोडे बनवतो, आणि तुयोनं हनुवटी टेकली ते माझे काळे जोडेही त्यानंच बनवलेले, त्यामुळे त्याच्या हाताबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती गळ्याबद्दल. त्याच्याकडे कपाटाएवढं कराओकेचं यंत्र आहे. दर शनिवारी सकाळी दहाला तो ते सुरू करतो. यंत्र प्रत्येक गाण्याला शेवटी तुतारी वाजवून गुण देतं, आणि तेम्योंगला शंभर काही मिळत नाहीत, म्हणून तो तेच गाणं पुन्हा पुन्हा गातो. एरवी माणूस सोन्याचा. कुणाला नाही म्हणता येत नाही हा एकच दोष. त्यामुळे तो एकेचाळीस पोरांचा निनोंग, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मानलेला धर्मबाप, होऊन बसला आहे. नाताळच्या सकाळी धर्मलेकरं धर्मबापाकडे पाया पडायला आणि भेट घ्यायला जातात. तेव्हा दर नाताळला तेम्योंग फाटकाला कुलूप लावून, 'गावी गेलो आहोत' अशी पाटी अडकवून गावी जातो. गाव म्हणजे त्याच्या मागच्या अंगणातल्या पाण्याच्या टाकीमागची जागा. हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे, पोरांनाही. पण पाटी वाचून परत फिरायची रीत आहे.

अर्ज अकरा पानांचा होता. एवढे प्रश्न मला शाळेनं नोकरी देताना विचारले नव्हते, सासऱ्यानंही विचारले नव्हते. फाटकाची उंची किती. कुत्र्यानं चप्पल खाल्ली तर आपण काय कराल. घरात कुणी शीघ्रकोपी आहे का. इथं मी 'नाही' लिहिलं, ते नीदानं खोडून 'आहे' केलं आणि कंसात माझं नाव घातलं. तपकिरी कुत्रीची बातमी कळल्यापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. तिच्या बहिणीला आता काय तोंड दाखवायचं हा तिचा प्रश्न होता. शेवटच्या पानावर दोन ओळी रिकाम्या होत्या. आम्ही आजारी पडलो किंवा परगावी गेलो तर कुत्रीला सांभाळतील अशा दोन जबाबदार व्यक्तींच्या सह्या.

पहिली सही आलिंग चोलेंगची, म्हणजे चोलेंगमावशीची, घ्यावी असं ठरवलं. तिचं समोरच दुकान आहे. साबणापासून सुक्या मासळीपर्यंत सगळं मिळतं. तिला सांगितलेली गोष्ट तिनं साबण कागदात गुंडाळायच्या आत गल्लीच्या टोकाला पोचलेली असते. अर्ज बघून तिनं चष्मा लावला, मग काढला.

"मांग देओ, ही जामीनकी तर नाही ना?" तिनं विचारलं. मागं एकदा मामेभावाला जामीन राहून तिचा शिवणयंत्राशी कायमचा वियोग झाला होता.

आणि इथं माझी मती फिरली. "छे हो, जामीन कसला," मी म्हणालो. "धर्ममाता व्हायचंय असं समजा. आम्हाला काही झालं तर लेकराकडे बघायला कोणीतरी."

जीभ चावावी असं हे वाक्य होतं, पण तेव्हा मला माझं कौतुक वाटलं. धर्ममाता व्हायला आमच्याकडे कुणी नाही म्हणत नाही. नाही म्हटलं तर लेकराला लागतं असं मानतात. आलिंग चोलेंगनं डोळ्याला पदर लावावा तसा एप्रन लावला, सही केली आणि धर्मलेकीसाठी बिस्किटांचा पुडा दिला.

दुसरी सही तेम्योंगची. यात माझा एक डाव होता. धर्मबाप झाला तर निदान लाजेकाजेस्तव तरी यंत्राचा आवाज कमी करील. त्यानं सही केली, पण तोंड उतरलं. "पारे, चोलेंगला आधी विचारलंस?" म्हणाला. पारे म्हणजे दोस्ता. वीस वर्षांची दोस्ती, आणि तो दुसऱ्या ओळीवर.

संध्याकाळी दातांचे डॉक्टर आले. डॉक्टर सुमुलोंग आता निवृत्त आहेत. त्यांनी माझे चार दात काढले, पैकी दोन बरोबरचे होते. ते व्हरांड्यात बसले, लिंबाचं सरबत घेतलं, हवापाण्याच्या गोष्टी केल्या आणि उठता उठता म्हणाले, ज्यांनी तुमच्या तोंडात हात घातला त्यांना तुम्ही परकं समजावं याचं वाईट वाटतं. आता यावर माणसानं काय करावं? मी एक जादा कागद जोडला. जादा कागद जोडला आहे हे कळताच तो भरायला लोक आले. चर्चच्या गायनवृंदाच्या बाई आल्या. नीदाच्या ऑफिसातले साहेब आले, कारण त्यांना सोडून कसं चालेल असं नीदानं विचारलं. कोपऱ्यावरचे दोन सख्खे भाऊ, जे एकमेकांशी सहा वर्षं बोलत नाहीत, ते वेगवेगळे आले आणि एकमेकांची सही बघून आपापली मोठी करून गेले. एकाला केलं आणि दुसऱ्याला नाही, असं आमच्याकडे करता येत नाही. त्या माणसाला सकाळी फाटकात तोंड दाखवायचं असतं.

सर्वांत शेवटी वस्तीचे कपितान, म्हणजे निवडून आलेले प्रमुख, बुस्तिल्यो स्वतः आले. निवडणूक फार लांब नव्हती. त्यांनी चार ओळींवर मिळून एक सही केली. ते सतरावे.

तिसऱ्या दिवशी मिस आब्रेनिकांचा फोन. "सर, हा अर्ज आहे की मोर्चाचं निवेदन?"

मी समजावून सांगितलं. पलीकडे बराच वेळ नुसतं कुत्र्यांचं भुंकणं ऐकू आलं. मग त्यांनी विचारलं, सहीखाली 'सदैव आपल्या सेवेत' असं लिहिणारा हा गृहस्थ कोण. तेही मी सांगितलं. शेवटी त्या म्हणाल्या, आता घर बघायला येणार, पण कधी ते सांगणार नाही, कारण सांगून गेलं की सगळीच घरं शांत असतात. शनिवार सोडून कधीही ये ग बाई, असं मी मनातल्या मनात सहा वेळा म्हणालो.

इकडे सतरा धर्मबापांना काम हवं होतं. बाप्तिस्म्याशिवाय धर्मबाप कसला आणि जेवणावळीशिवाय बाप्तिस्मा कसला? मी म्हणालो, अहो कुत्री अजून आली नाही, मिळेल की नाही तेही ठाऊक नाही. त्यावर आलिंग चोलेंग म्हणाली, मूल पोटात असतानाच डुक्कर सांगून ठेवावं लागतं, नाहीतर आयत्या वेळी बारकं मिळतं. ती फादरनाही विचारून आली. फादर म्हणाले होते, बाप्तिस्मा माणसांचा असतो, कुत्रीला नुसता आशीर्वाद देता येईल, तोही चर्चच्या बाहेर आणि ऑक्टोबरात. आलिंग चोलेंगनं गल्लीत येऊन सांगितलं, फादरनी होकार दिला, फक्त पाणी नको म्हणाले.

दिवस ठरला तो कपितानांना मोकळा होता तो. शनिवार. मी नाही म्हणालो. याची नोंद व्हावी, मी तीन वेळा स्पष्ट शब्दांत नाही म्हणालो. पण माझ्या 'नाही'ला जी काही किंमत आहे ती ग्रंथालयाच्या चार भिंतींत. घरी तर नीदाच फितूर झाली होती. धर्मबापांची संख्या वाढत गेली तसा तिचा कुत्रीवरचा राग ओसरत गेला. दहाव्याला ती 'तुमची ती कुत्री' म्हणत होती, पंधराव्याला 'आपली तुयो' म्हणू लागली, आणि साहेबांनी सही केल्यावर तिनं बहिणीला फोन करून विचारलं की तुमच्या पांढऱ्याला किती धर्मबाप आहेत.

शुक्रवारी संध्याकाळी मी घरी येतो तो गल्लीवर फ्लेक्स. आंब्याच्या झाडापासून विजेच्या खांबापर्यंत. त्यावर कपितान बुस्तिल्यो हात जोडून हसत होते आणि खाली कोपऱ्यात निळ्या डोळ्यांचं, पांढऱ्या-करड्या केसांचं, बर्फात उभं असलेलं एक लांडग्यासारखं कुत्रं होतं. 'सुस्वागतम तुयो. शुभेच्छुक: कपितान बुस्तिल्यो आणि परिवार.' फोटो कुणाकडेच नव्हता म्हणून फ्लेक्सवाल्यानं कपितानांच्या इभ्रतीला शोभेलसं कुत्रं कॉम्प्युटरवरून उचललं होतं. मी कपितानांना गाठून म्हणालो की ही अशी नाही, ती तपकिरी आहे आणि तिला दीडच कान आहे. ते शांतपणे म्हणाले, "फ्लेक्सवर तर मीही दहा वर्षांनी लहान आहे, मांग देओ."

शनिवार उजाडला. मांडव पडला. लेचोन आलं, म्हणजे अख्खं भाजलेलं डुक्कर, सोनेरी, तोंडात सफरचंद. नीदानं मला इस्त्रीचा शर्ट आणि ते काळे जोडे घालायला लावले. सतरा धर्मबाप-धर्ममाता आपापल्या कुटुंबांसह आले. ते दोन भाऊ मांडवाच्या दोन टोकांना बसले. कपितानांनी पांढरा झिरझिरीत बारोंग घातला होता, लग्नात घालतात तो. तेम्योंगनं यंत्र रस्त्यावर आणलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, पारे, धर्मलेकीसाठी आवाज अर्धाच ठेवलाय. अर्ध्या आवाजात माझं फाटक थरथरत होतं. मी फ्लेक्सखाली उभा राहून मनाशी हिशेब करत होतो, की जगातल्या सगळ्या दिवसांतून तिनं नेमका आजचाच दिवस का निवडावा? निवडणार नाही. एवढं वाईट नशीब कुणाचं नसतं.

बरोबर साडेअकराला गल्लीच्या तोंडाशी एक व्हॅन थांबली. मिस आब्रेनिका उतरल्या. त्यांच्या हातात दोरी होती आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला तुयो. घर बघताना कुत्री घरात कशी वागते तेही बघावं म्हणून तिला बरोबर आणलं होतं.

मी हात वर करून दोन्हीकडे 'नको, नको' अशा खुणा केल्या. त्या बघून कपितानांना वाटलं मी इशारा करतोय. त्यांनी माइकवर घोषणा केली, "आली, आपली तुयो आली." चाळीस माणसांनी एकदम जल्लोष केला. त्याच क्षणी तेम्योंगचं गाणं संपलं, यंत्रानं तुतारी वाजवली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला शंभर गुण दिले. तुयो जमिनीला चिकटली. मग मागे सरकली, पट्टा त्या अर्ध्या कानावरून सुळकन निघाला आणि ती दिसेनाशी झाली.

पुढची पाच मिनिटं मला आठवायला नको वाटतात. चाळीस माणसं 'तुयो, तुयो' ओरडत चाळीस दिशांना धावत होती आणि त्यातली निम्मी फ्लेक्सवरचं कुत्रं शोधत होती. डॉक्टर सुमुलोंग मागच्या गल्लीतून एक पांढरंकरडं धूड कवेत घेऊन विजयी मुद्रेनं परतले, त्यांच्या मागून त्याची मालकीण चप्पल हातात घेऊन पळत येत होती. मिस आब्रेनिका रिकामा पट्टा हातात धरून उभ्या होत्या.

मी कपितानांच्या हातून माइक काढून घेतला. कपितानांच्या हातून माइक घेण्याचा प्रकार आमच्या वस्तीत आजवर घडला नव्हता. आणि मग मी तेच केलं जे एकवीस वर्षं करत आलोय.

"श्श."

अर्ध्या आवाजातलं ते 'श्श' गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. सगळे जागच्या जागी थांबले. मी माइक बाजूला धरून हळू सांगितलं, ती तपकिरी आहे. लहान आहे. डावा कान अर्धा आहे. ती आपल्याला घाबरली आहे. हाका मारू नका, पळू नका. नुसतं शोधा.

आणि त्यांनी शोधलं. तेम्योंगनं यंत्राची वायर उपटली, आणि तेवढ्यानं भागणार नाही असं वाटून तोंडावर हात ठेवावा तसा स्पीकरवर तळहात ठेवून उभा राहिला. आलिंग चोलेंगनं फटफट वाजतात म्हणून सपाता काढून टाकल्या. ते दोघे भाऊ एकाच गटारावरची फरशी दोन बाजूंनी उचलत होते, आणि 'तिकडून धर' एवढं एकजण दुसऱ्याला म्हणाला, सहा वर्षांत पहिल्यांदा. लोकरीचा गुंडा हवा असलेली माझी बायको नव्या कपड्यांनिशी चिखलात गुडघे टेकून 'ये ग बाळा, ये' असं पुटपुटत होती. कपितान बुस्तिल्यो लग्नाच्या बारोंगसकट एका तीनचाकीखाली पोटावर आडवे झाले होते.

मी मात्र आलिंग चोलेंगच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसलो. आता ती सापडली तरी काय, तिसऱ्यांदा परत. आणि तीही माझ्यामुळे. तिला कायमचं तिथं ठेवणारा माणूस मीच. दुबईला जाणाऱ्या आमच्या पोरीला विमानतळावर सोडून आलो तेव्हा मी रडलो नव्हतो, पण तिथं त्या पायरीवर माझे डोळे भरून आले, ते लपवायला मी जोड्यांच्या नाड्या सोडून परत बांधल्या.

मिस आब्रेनिका येऊन शेजारी बसल्या.

"अर्जात लिहिलंय की घर शांत आहे," त्या म्हणाल्या.

"घर आहे. गल्ली नाही," मी म्हणालो. "मी लपवलं. मला ती हवी होती."

त्या काही वेळ पट्ट्याचं बक्कल उघडझाप करत राहिल्या. "पहिलं घर शांत होतं, सर," त्या म्हणाल्या. "दुसरंही. पहिल्या घरून ती पळाली तेव्हा त्यांनी आम्हाला चार दिवसांनी फोन केला. दुसऱ्यांनी केलाच नाही. ती स्वतःच चालत आली आमच्या दारात. परत आली म्हणजे अशी परत आली."

मग त्यांनी रस्त्याकडे बघितलं. तीनचाकीखालून कपितानांचे दोन तळवे बाहेर दिसत होते. पलीकडे निवृत्त दंतवैद्य एका पाइपात डोकावून दात नसलेल्या बाळाशी बोलावं तसं बोलत होते.

तेवढ्यात माझा उजवा पाय जड झाला.

मी खाली बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती. तो सुस्कारा मला ओळखीचा होता. ती इतका वेळ आमच्या मागेच होती, दुकानातल्या तांदळाच्या पोत्यांआड. मिस आब्रेनिकांनी माझ्या दंडाला हात लावला आणि मी हळूच मान वळवली. तुयोच्या तोंडातून एक दोरा लोंबत होता. वर आलिंग चोलेंगनं टांगलेली सुक्या मासळीची माळ कुठं दिसत नव्हती.

एकेकाच्या लक्षात येत गेलं. कुणी टाळी वाजवली नाही. चाळीस माणसं जिथं होती तिथं तोंडावर हात धरून उभी राहिली. कपितान तीनचाकीखालून बाहेर आले, बारोंगवर ग्रीसचा पट्टा, आणि त्या हाडाच्या पुढाऱ्यानं एक शब्द न बोलता रुमालानं डोळे पुसले. आलिंग चोलेंग दबक्या आवाजात एवढंच म्हणाली, "खाऊ दे. धर्मलेक आहे माझी."

मिस आब्रेनिकांनी पिशवीतून अर्ज काढला, कानामागची पेन्सिल घेतली. 'घर शांत आहे' या ओळीवर आडवी रेघ मारली. त्यापुढे काही लिहिलं नाही. शेवटच्या पानावर सही केली आणि पट्टा माझ्या हातात दिला. "एक भोक आत घ्या," म्हणाल्या. मग कुणीतरी दिलेली लेचोनची ताटली त्यांनी घेतली, आणि सगळी गल्ली कुजबुजत जेवली. एवढी शांत जेवणावळ आमच्या ग्रंथालयातसुद्धा झाली नसती.

तुयो घरी आली, राहिली. पण मुकी. नीदानं मांडीवर घेतलं तरी आवाज नाही, पोस्टमन आला तरी नाही. मिस आब्रेनिका म्हणाल्या, आम्हीही कधी ऐकला नाही. तेम्योंग आता शनिवारी यंत्रावर गादी टाकून गातो, त्यामुळे गुण सत्तरच्या वर जात नाहीत, पण तो तक्रार करत नाही. मी स्वतः शांततेतला माणूस. तरी शाळेतून आलो की फाटकाशी क्षणभर थांबायचो. काही ऐकू यायचं नाही. मग आत जायचो.

नाताळच्या सकाळी आलिंग चोलेंग दारात हजर. धर्मलेकीला सगळ्यांच्या पाया पडायला न्यायला हवं, रीत आहे. नीदानं तुयोच्या गळ्यात लाल फीत बांधली. मी काळे जोडे घातले. सोळा धर्मबाप-धर्ममाता झाले. हाडं मिळाली, एक रजई मिळाली. डॉक्टरांनी टूथब्रश दिला. कपितानांनी स्वतःचा फोटो असलेलं कॅलेंडर दिलं, आणि खाली कोपऱ्यात या वेळी दीड कानाची तपकिरी कुत्री होती. ते दोन भाऊ एकाच घरात भेटले, त्यामुळे एक फेरी वाचली.

सतरावा तेम्योंग. फाटकाला कुलूप. 'गावी गेलो आहोत.' कोपऱ्यावर दहाबारा पोरं नवे कपडे घालून उदास उभी होती, ती वाचून परत फिरली होती. मीही वाचलं आणि रीतीप्रमाणे परत फिरलो. पट्टा ताणला गेला. तुयो फिरली नव्हती. ती फाटकासमोर बसली, नाक वर केलं, चामडं आणि गोंद यांचा, माझ्या जोड्यांना येतो तो वास हुंगला आणि तोंड उघडलं.

ती भुंकली. आधी एकदाच, आपलाच आवाज ऐकून दचकल्यासारखी. मग दुसऱ्यांदा. मग आठ वर्षांचं सगळं साचलेलं बाहेर पडावं तशी, चारही पाय रोवून, न थांबता. नीदा धावत शेजारी आमच्या दारात आली आणि दोन्ही हात छातीशी धरून उभी राहिली. टाकीमागं काहीतरी पत्र्याचं पडलं. तेम्योंग बनियनवर बाहेर आला, हात वर केलेले, एका हातात सॉसेजची माळ, जी त्यानं कधीपासून तिच्यासाठी आणून ठेवली असणार. कोपऱ्यावरची पोरं 'निनोंग, निनोंग' करत फाटकाकडे सुटली, आणि आणखी कुठून कुठून येऊ लागली.

"पारे, गप्प कर तिला," तो फाटकाच्या गजांतून म्हणाला. "एकेचाळीसही येतील. तू ग्रंथपाल ना रे? म्हण की तुझं ते श्श."

एकवीस वर्षांची सवय, ओठांवर आलंच होतं. मी ते गिळलं आणि पट्टा थोडा सैल सोडला.

"आज नाही," मी म्हणालो. "आज नाताळची सुट्टी आहे."